कच्च्या रंगाची रक्तवाहिनी

आमच्या ह्यांच्या जांघेत बसवलेली कृत्रिम रक्तवाहिनी पिकली, तेव्हा पहिल्या हॉस्पिटलने दोष माझ्यावर ढकलला. "घर पर ड्रेसिंग ठीक से नहीं हुई होगी," तिथला डॉक्टर मोबाइलकडे बघत म्हणाला. राजधानीतल्या द्वारकेच्या घरी मी प्रत्येक ड्रेसिंगआधी कोपरापर्यंत हात धुवत होते. ते वाक्य मी विसरलेली नाही, विसरणारही नाही.

तिथून ह्यांना उचलून गुरुग्रामला आणलं. इथली सर्जन तरुण होती, बोलायला सरळ. जुनी नळी काढायलाच हवी आणि नवी घातली नाही तर पाय जाईल, म्हणाली. ह्यांच्या पायातल्या चांगल्या शिरा हृदयाच्या बायपासला आधीच वापरून झालेल्या, त्यामुळे नवी नळीही कृत्रिमच.

"मगर लगाने से पहले इसे एंटीबायोटिक में भिगोएँगे." तिने फोटो दाखवला. चुण्या असलेली पांढरी नळी स्टीलच्या वाटीत भिजून नारिंगी झाली होती.

"कपड़ा कौनसा है?"

"पॉलिएस्टर. ऊपर जिलेटिन की परत है, दवा वही पकड़ती है."

पॉलिएस्टर! सरोजिनी नगरच्या कपडेबाजारात फुटपाथवर चादर अंथरली तेव्हापासून मी तेच विकतेय. आता दुकान आहे, पण रीत तीच. माल घेताना ओला रुमाल कापडावर घासायचा. रुमाल रंगला की गठ्ठा परत, आणि व्यापाऱ्याला चार शब्द वर.

"रंग पक्का है?" मी विचारलं.

"नहीं. कुछ दिनों में दवा निकल जाएगी."

माझं डोकं फिरलं. "निकल ही जाएगी तो लगाते क्यों हो? मुझे पक्केवाली दिखाइए!"

पलंगावरून हे म्हणाले, "अगं, पाय आहे माझा. ड्रेस मटेरियल नाही."

"तुम्ही गप्प बसा हो."

सर्जन हसली नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. औषध धाग्यालाच चिकटून राहिलं, तर आजूबाजूच्या मांसात लपलेल्या जंतूंपर्यंत कसं पोहोचणार? सुरुवातीचे दिवस सगळ्यात धोक्याचे, तेव्हा ते सुटत राहायलाच हवं. चांदीचा लेप दिलेल्या नळ्याही असतात, पण त्यांतूनही चांदी थोडी थोडी सुटते, तेव्हाच काम होतं.

हे पटायला मला जड गेलं. जन्मभर जो माल परत केला, तोच आता नवऱ्याच्या अंगात घालायचा होता.

"दोबारा नहीं पकेगी, लिखकर दीजिए," मी शेवटची अट घातली.

"नहीं दे सकती. कभी-कभी ये भी हार जाती है." मग म्हणाली, "और ये इन्फेक्शन आपके हाथों से हुआ, ऐसा कोई नहीं कह सकता. ऑपरेशन के वक़्त भी हो सकता है."

छातीवर हात ठेवून हमी देणारे खूप पाहिलेत मी. त्यांचा गठ्ठा मी उघडूनही बघत नाही. ही मला काही विकायला बसलेली नव्हती. मी सही केली.

ऑपरेशननंतर आत सोडलं, तेव्हा आधी पांघरूण सारून ह्यांचं पाऊल धरलं. कित्येक आठवडे ते पाऊल बर्फासारखं होतं. आता कोमट लागत होतं. मी अंगठा चोळत राहिले.

"सोड गं," हे डोळे न उघडताच पुटपुटले, "गुदगुल्या होतात."

"होऊ देत," मी म्हटलं आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले.