रॉकेलने धुतलेली टाकी

अब्बांची मोटारसायकल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. आमच्या दोघांत त्यांचा जीव जास्त कोणावर, हा प्रश्न मी शाळेत असतानाच विचारायचा सोडून दिला. आता त्यांच्याने ती स्टँडवरून उतरवत नाही, म्हणून राहनाळच्या गोदामात ड्युटीला जायला मीच ती वापरतो.

गेल्या वर्षी तिची पेट्रोलची टाकी गळू लागली. खालच्या शिवणीवर, जिथे पत्र्याचे दोन भाग जोडलेले असतात, तिथे गंजाने सुईच्या टोकाएवढी दोन भोकं पाडली होती. मी त्यांवर कपडे धुण्याचा साबण घासला. भिवंडीतल्या निम्म्या जुन्या गाड्या साबणावरच चालतात, त्यामुळे त्यात मला काही गैर वाटलं नाही. दोन महिने असे काढले. मग एका संध्याकाळी अम्मी उदबत्ती घेऊन ओट्यावर आली, गाडीखालचं ओलं बघून तशीच मागे फिरली आणि म्हणाली, "ही गाडी तरी राहील इथे, नाहीतर मी तरी." मी घाईने टाकी खोलून टेमघरच्या रस्त्यावरच्या वेल्डरकाकांकडे नेली.

काका जवळच्याच गावातले, साठीच्या पुढचे. डावी भुवई नाही. तिथे नुसतीच गुळगुळीत कातडी. टाकी उलटीसुलटी करून त्यांनी भोकं बघितली आणि ती माझ्या नाकासमोर धरली.

"वास घे. कसा हाय?"

"पेट्रोलचा आहे. कडक."

"मना येत न्हाय. कोरोनात नाक गेला तो गेलाच. आता गिऱ्हाईक सांगंल त्यावर माझा काम." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. भोकं तळाशी आहेत. टाकीत पाणी भरून ज्योत लावली तर पत्रा तापत नाही आणि भोकं बुजवायला वितळवलेलं पितळ धरत नाही. म्हणजे टाकी रिकामीच ठेवून काम करायचं. पण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरली, तर ज्योत लागताच ती फुटते. "म्हनून घरी धुवून आन. गरम पानी आनि सोडा. तीन येळा. मंग पान्यानं भरून रातभर ठेव. समजला?"

समजलं होतं. पुढे जे झालं ते न समजल्यामुळे झालं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आमचा यंत्रमागाचा कारखाना होता तेव्हा सोळा लूम होते. तिथे लोखंडाला पाण्याचा थेंब लावायचा नाही, हा अब्बांचा कायदा. लूम पुसायचे ते रॉकेलने, मग तेलाचा हात. कुणा कामगाराच्या तांब्यातून पाणी सांडलं तर अब्बा स्वतः फडकं घेऊन धावायचे. लूम गेले, पण ती सवय आमच्या घरातून गेली नाही. जुन्या दिवसांतला रॉकेलचा एक कॅन अजूनही जिन्याखाली जपून ठेवलेला आहे.

आणि हे काका मला सांगत होते, गंजलेल्या टाकीत पाणी भरून रात्रभर ठेव! मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी तसाही सहजासहजी कुणाचं ऐकून घेणारा नाही. मी टाकीत दोन मुठी नटबोल्ट टाकले, रॉकेल ओतलं आणि हात भरून येईस्तोवर ती हलवत बसलो. तांबडं पाणी व्हावं तसा गंज बाहेर आला. पुन्हा रॉकेल, पुन्हा हलवणं. अब्बा खुर्चीवरून बघत होते. "आता कसं," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून एवढी शाबासकी मला बारावीच्या निकालालाही मिळाली नव्हती. दिवसभर टाकी गच्चीवर उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून काकांकडे गेलो.

"धुतलास?"

"हो."

"पान्यानं? सोडा घालून?"

"हो काका. तीन वेळा."

इतकं सहज बोललो की मलाच खरं वाटलं. त्यांनी पुन्हा टाकी माझ्यासमोर धरली. "वास?"

मी नाक खुपसलं. वास होता, रॉकेलचा. कारखान्यात पुसून ठेवलेल्या लूमला यायचा तोच. आमच्या घरात हा स्वच्छतेचा वास आहे. त्याच्या खाली आणखी काही आहे का, हे शोधायला मला नको होतं. पाण्याने धुवायला परत पाठवलं तर रजा वाया, उद्या पुन्हा रिक्षाची रांग.

"काही नाही," मी म्हणालो.

काकांनी टाकी उलटी, जरा तिरपी करून लोखंडी टेबलावर विटांच्या आधाराने बसवली. तिचं तोंड त्यांच्याच पोटाकडे होतं. शिवण घासून पांढरी केली, काळा चष्मा चढवला, गॅसच्या नळीचा कॉक फिरवला. फट् आवाज होऊन ज्योत लागली. आधी पिवळी, धुरकट; मग त्यांनी ती बारीक, निळी केली.

माझ्या टाचेला काहीतरी लागलं. तो शेडच्या दाराचा उंबरा होता. मी चार पावलं मागे सरकलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. डोक्याला जे मान्य करायचं नव्हतं, ते पायांना ठाऊक होतं.

तरी मी बोललो नाही. हे मला आज लिहितानाही नीट सांगता येत नाही. ज्योत टाकीपासून हातभर लांब होती, आणि माझ्या मनात काय चाललं होतं? की रॉकेल इतक्या लवकर पेटत नाही. की होणार नाही काही. की आता सांगितलं तर मी खोटारडा ठरेन.

काकांचा हात थांबला. चष्म्यातून ते माझ्याकडे बघत होते.

"इकडं ये. टाकी हालते. धर."

ती हलत नव्हती. ती विटांमध्ये घट्ट बसली होती, हे मला दारातूनही दिसत होतं.

"धर की. ओला गोनपाट घे हाताला, न्हाय भाजनार."

मी गेलो. गोणपाट घेतलं. टाकीवर दोन्ही हात ठेवले आणि वाकलो. तिचं तोंड आता माझ्याही पोटाकडे होतं. ज्योतीचा सूं आवाज कानाशी आला आणि माझी पाचावर धारण बसली.

"काका, थांबा! रॉकेलने धुतलीय. पाणी नाही लावलं."

त्यांनी कॉक बंद केला. आवाज गेला. रस्त्यावरचे टेम्पो ऐकू येऊ लागले. मला वाटलं आता कानाखाली वाजणार. वाजली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी चष्मा काढला, टाकी उचलली आणि शेडमागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. लांब बांबूच्या टोकाला फडकं बांधून पेटवलं, मला भिंतीआड ओढलं आणि बांबू टाकीच्या तोंडाशी नेला.

भक्क झालं. तोंडातून पुरुषभर जाळ निघाला, टाकी जमिनीवरून उडाली आणि आडवी होऊन धूर ओकत पडली. काकांचा हात आपोआप नसलेल्या भुवईकडे गेला.

टाकी थंड झाल्यावर त्यांनी सोड्याचा पुडा माझ्या हातात दिला. मी तिथेच पाणी तापवून टाकी धुतली. एकदा, दोनदा, तीनदा. दुपार गेली. ते पायरीवर बसून बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा ज्योत लावली आणि न बोलावता मी टाकी धरायला गेलो. या वेळी पितळ शिवणीवर सरळ वाहत गेलं आणि भोकं बुजली.

निघताना मी माफी मागितली. काका गोणपाट झटकत होते.

"तू मागं सरकलास ना, तवाच मना कळला," ते म्हणाले. "म्हनून बोलावला तुला. पन एक सांग. मी 'धर' बोललो नसतो, तर तू बोलला असतास?"

मी टाकी काखेत घेऊन उभा राहिलो. जरा वाट बघून ते आत गेले.

टाकी आजही गळत नाही. शिवणीवरची पितळेची पट्टी अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. रॉकेलने धुतली म्हणूनच काम टिकलं, असं त्यांना वाटतं, आणि मी ते खोडून काढलेलं नाही. पण पेट्रोल भरायला झाकण उघडलं आणि वास आला, की माझे पाय अजून मागे सरकतात. पंपावरचा माणूस नळी घेऊन टाकीच्या तोंडाशी उभाच असतो.