नाल्यापलीकडची बस

नगरपालिकेत तिला सगळे अनुदानबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, म्हणून तिलाही राग येत नसे. वाहतूक विभागात खिडकीजवळचं टेबल तिचं. शहराच्या तिजोरीत बारा महिने खडखडाट, त्यामुळे बसथांब्याचं छप्पर असो की शाळेसमोरचा पादचारी पूल, पैसे वरून मागून आणायचे, आणि ते मागण्याचं काम हिचं. वरचेही काही दानशूर नव्हेत. आधी गरज पटवून द्या, मग शहराने स्वतःचा वाटा काढून दाखवा, मग त्यांचा माणूस येऊन डोळ्यांनी बघणार, तेव्हा कुठे घोडं गंगेत न्हायचं. या कामात माणसाची चिकाटी गोचिडीसारखी लागते. तिची होती.

पण ज्या एका कामासाठी ती हटून बसली होती, ते नाल्यापलीकडच्या वस्तीच्या पुलाचं. नाल्यावर नुसत्या फळ्या टाकलेल्या, त्यामुळे बस अलीकडेच वळून परत जायची. पलीकडे तिची थोरली नणंद राहायची, आणि वन्संची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड इस्पितळात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि परतताना अंगात त्राण नसताना त्या फळ्या ओलांडायच्या. मागच्या पावसाळ्यात वन्सं घसरल्या, आणि नंतर एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आता पुरे झालं गं हे इस्पितळ." ते वाक्य अनुदानबाईच्या काळजात रुतून बसलं. पूल झाला नाही तर वन्सं जाणं सोडतील, आणि सोडलं की संपलं.

नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ बघून लोक आधी संशय घेत. पण त्याला कारण होतं. अनुदानबाईला नोकरीच्या परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा मूल तान्हं होतं आणि त्याला सांभाळायला घरात कुणी तयार नव्हतं. वन्संनी शिवणाचं मशीन बंद केलं, बाळ मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तू जा. हा रडला तर मी बघते, आणि घरचे रडले तरी मीच बघते." आज जे टेबल होतं, पगार होता, ते त्या मांडीवर उभं होतं. हे ती कधी विसरली नाही.

प्रस्ताव आधी परत आला होता, कारण शहराने वाटा काढला नव्हता. या वर्षी ती नगरपालिकेच्या साहेबांच्या इतकी मागे लागली, की त्यांनी आपल्या नव्या गाडीची खरेदी पुढे ढकलली आणि वाटा निघाला. उरली होती फक्त पाहणी. आदल्या दिवशी तिने वन्संना फोन केला. "उद्या वरून साहेब येताहेत वस्ती बघायला. सगळ्यांना घरी थांबायला सांगा. तुमचं इस्पितळ असेल तर तुम्ही जाऊन या."

"येऊ देत की," वन्सं म्हणाल्या. "काळजी करू नकोस."

काळजी तिने करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पाहणीच्या साहेबांना घेऊन ती नाल्याशी पोचली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. खड्डे बुजवलेले. चिखलावर खडी. कुजक्या फळ्या जाऊन नव्या, जाड फळ्या आलेल्या, दोन्ही बाजूंना धरायला दोर, आणि नाल्याच्या काठाला चक्क चुना लावलेला. पलीकडे माणसं धुतलेल्या कपड्यांत हसतमुख उभी.

साहेबांनी प्रस्तावातले फोटो काढले. फोटोंकडे बघितलं, मग समोर बघितलं. "बाई, हे फोटो कुठले?"

"इथलेच आहेत, साहेब."

"मला तर रस्ता बरा दिसतोय. याहून वाईट वस्त्या रांगेत आहेत."

वस्तीतले गवंडीकाका अभिमानाने पुढे झाले. "पाहुणे यायचे म्हणून केलं, साहेब. ताईंनी सांगितलं ना!"

अनुदानबाईला वन्संचा असा राग आला की बस्स. पाहुण्यांना घर आवरून दाखवतात, दुखणं नव्हे! इतक्या वर्षांची खटपट या बाईने एका दिवसात चुना लावून पांढरी केली होती.

साहेब फळ्यांच्या मधोमध पोचले असतील, तेवढ्यात मागे बस थांबली आणि चालकाने दोनदा हॉर्न दिला. वस्तीतली माणसं साहेबांना तिथेच सोडून धावली. कुणी घरातून खुर्ची उचलली, कुणी चादर. बसमधून वन्संना उतरवलं, खुर्चीत बसवलं, आणि खुर्ची उचलून फळ्यांवर आणली. वन्सं घसरल्यापासून बसचा हॉर्न दोनदा वाजला की असंच घडायचं. कुणी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"साहेब, जरा हात लावा," गवंडीकाका म्हणाले. "नवी असली तरी मधली फळी दबते."

साहेबांनी कागद काखेत मारले आणि खुर्चीचा एक पाय धरला. फळी खरंच दबली. खाली काळं पाणी होतं. पलीकडे खुर्ची टेकेपर्यंत त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

वन्संनी डोळे उघडले. चेहरा राखेसारखा झालेला. "तुम्हीच का साहेब? रस्ता बरा होता ना? काल सगळ्यांनी दिवसभर केला. तुम्हाला चिखलातून कसं आणायचं?"

साहेबांनी रुमालाने हात पुसले. मग अनुदानबाईकडे वळून म्हणाले, "यांना रोज असं आणतात?"

"दिवसाआड," ती म्हणाली. "आणि ज्याला ज्याला लागेल त्याला."

"शहराचा वाटा तुम्ही आता दाखवताय," साहेब म्हणाले. "या लोकांनी त्यांचा आधीच भरलाय. तसं लिहितो मी."

त्यांनी तसंच लिहिलं. राग कुठल्या कुठे गेला आणि अनुदानबाई वन्संच्या खुर्चीशी बसून भर रस्त्यात रडली. वस्तीतल्या बायकांनी तिला पाणी दिलं. प्रत्येकीचे हात चुन्याने पांढरे होते, आणि त्या हातांचं ऋण कसं फेडायचं हे तिला कळेना.

वरून पैसे आले, पूल झाला. बस पहिल्यांदा पलीकडे जाणार त्या दिवशी ती मुद्दाम वन्संबरोबर इस्पितळातून बसमध्ये चढली. वन्संनी तिच्या खांद्यावर मान टाकली होती. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "नाला आला का गं? उतरायला लागेल ना?"

"वन्सं, नाला मागे गेला," ती म्हणाली. "तुम्ही झोपा."