उलटं चालणाऱ्याचे कान

अरे, तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे शेजारच्या तीन बिऱ्हाडांना बातमी द्यायची, म्हणून लिहिते. त्या जिन्याची गोष्ट तू कुणाला सांगायचा नाहीस. विचारलं की "काही नाही गं ताई, काचा चढवल्या," म्हणून मोकळा होतोस. मला ती तुझ्या हाताखालच्या पैलवानानं सांगितली, मीठमसाला त्याचा. तू आपला परक्याची गोष्ट समजून वाच.

काचा बसवणारा एक मास्तर होता. शाळा नववीत सोडलेली, पण अर्धं सूत इकडेतिकडे झालं तर नुसत्या नजरेनं सांगायचा. हाताखाली चार माणसं. मोठी काच दोघांनी न्यायची असते. एक सरळ चालतो, दुसरा उलटा. काचेवर कागद चिकटवलेला, त्यामुळे उलट्याला समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि पाठीमागचं तर नाहीच. सरळ चालणारा कडेनं मान काढून सांगेल तेवढंच त्याचं जग. "पायरी." "उंबरा." "थांब."

एकदा त्या चौघांतला लंबू सरळ चालत होता, पण चित्त भलतीकडे. "उंबरा" म्हणायचं राहिलं. उलटा चालणारा पैलवान आडवा झाला, काच फुटली, तळहाताला सात टाके पडले. टाके निघाले, अबोला निघेना. "याच्यासमोर उलटा चालणार नाही," पैलवानानं जाहीर केलं. उरलेल्या दोघांनी एकेक बाजू धरली. चहासुद्धा दोन कोपऱ्यांत.

अशात ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्याचं काम आलं. सहा मोठ्या काचा, जिना अरुंद. दुकानाचे मालक म्हणाले, "शनिवारपर्यंत झालं नाही, तर लंबू आणि पैलवान, दोघांनाही घरी बसवतो."

दोघांना मास्तरानंच हाताला धरून शिकवलेलं. शिवाय त्याचं स्वतःचंही एक झाकलेलं होतं. कान गेले होते. दोन वर्षं तो लोकांच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेत होता आणि काच नेताना न चुकता सरळ बाजू धरत होता. मालकाला कळलं असतं तर त्याचाच जिना बंद.

शुक्रवारी सकाळी त्यानं पहिल्या काचेची उलटी बाजू धरली.

"लंबू, तू बोल."

"पायरी," लंबू पुटपुटला.

मास्तर जागचा हलला नाही. "मोठ्यानं."

"पायरी!"

"अजून. अरे, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

लंबूचा चेहरा काचेवरच्या कागदासारखा पांढरा पडला. मग तो असा ओरडायला लागला की वर वाचत बसलेली माणसं खिडक्यांतून डोकावली. पायरी! पायरी! पायरी! जिन्याच्या वळणावर मात्र त्याची मान पुरेना. मास्तराची टाच कठड्याच्या तुटक्या सळईकडे सरकत होती.

"लंब्या, थांबव त्यांना!" वरच्या पायऱ्यांवरून पैलवान गरजला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो लंबूशी बोलला. "मास्तर, उजवीकडे! लंब्या, तू खाली घे थोडी. हां. आता चल."

काच वर पोचली. पैलवान खाली गेला आणि दुसऱ्या काचेची उलटी बाजू त्यानं आपणहून धरली.

"बोल रे. आणि जरा हळू, माझे कान शाबूत आहेत."

मास्तरानं शनिवारी मालकाला स्वतःच सगळं सांगितलं. मालकांनी हनुवटी खाजवली. सहा काचा बसल्या होत्या, तेव्हा म्हणाले, "तुमची माणसं ओरडणार असतील तर चढा." तेव्हापासून त्या दुकानात सगळे सगळ्यांना सगळं ओरडून सांगतात. शेजारच्या शिंप्यानं दोनदा तक्रार केली आहे.

आणि कानाच्या मशीनचं काय रे? तीनदा मी डॉक्टरांची वेळ घेतली. तीनदा तू म्हणालास, "आज एक काच चढवायची आहे, ताई. आणि पोरं बोलतात की आता मोठ्यानं." पोरं बोलतात, पण मी कुठवर ओरडू? डॉक्टर मागच्या वर्षी दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला गेले. त्यांनी दिलेली वेळेची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे, चष्म्याच्या घरात दुमडून.