विलायती माय

पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कडेगाववर मोठा अन्याय केला आहे. एका केसाळ विलायती गायकाचं एक संथ गाणं तिकडे एका हिवाळ्यात खूप गाजलं आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत लोक ते विसरलेही, एवढीच त्यांची नोंद. तेच गाणं त्यानंतर पाच-सहा वर्षं कडेगावच्या लग्नांत वाजत होतं आणि ते ऐकून बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, याची दखल कुणी घेतलेली नाही. ह्या कीर्तीचं सगळं श्रेय माझ्या थोरल्या बहिणीच्या चुलत सासऱ्यांचं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. येत असतं तर हे घडलंच नसतं.

गाव त्यांना सुभेदार म्हणे. लष्करातून ते नाईक म्हणून बाहेर पडले होते. पुढच्या बढत्या गावानं दिल्या. पंधरा वर्षं वायरलेसवर काढल्यामुळे बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायची सवय त्यांच्या जिभेला कायमची जडली होती. उसाच्या दोन एकरांवर त्यांचं मन रमेना, म्हणून त्यांनी लग्नाकार्याला स्पीकर लावायचा धंदा काढला. लिंबाच्या फांदीला कर्णा बांधायचा, खाली टेबलावर रेकॉर्डचं यंत्र मांडायचं, मे महिन्यातही अंगात लष्करी लोकरी जर्सी घालायची आणि माइकवरून जाहीर करायचं, “बायकांची पंगत बसलेली हाय. वाढप्यांनी मठ्ठ्याकडं ध्यान द्यावं. ओव्हर.” घरातसुद्धा हेच. “च्या टाका, ओव्हर,” असं ते काकूंना म्हणत, आणि काकू चुलीपासून न हलता म्हणत, “साखर संपलीया. ओव्हर.”

त्या गाण्याची तबकडी त्यांना एका साहेबाच्या बायकोनं बंगला आवरताना दिली होती. ट्रंकेत, पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांच्या मधे ती निजलेली असे. लग्नाच्या आदल्या दिवशी सुभेदार तिला रिठ्याच्या पाण्यानं अंघोळ घालीत आणि सावलीत वाळवीत. सुई घसरू नये म्हणून तिच्या दांडीवर दहा पैशांचं नाणं चिकटवलेलं होतं. तरी गाण्याच्या शेवटाकडे एका चऱ्याशी सुई अडकायचीच. गायक तिथं ‘ओ माय’ असं काहीतरी म्हणत होता. इंग्रजीत हा नुसता आश्चर्याचा उद्गार, हे मला माहीत होतं. कडेगावला ती माय ऐकू आली. सुई अडकली की गायक ‘माय, माय, माय’ करत आईला हाका मारत राही, तिसऱ्या हाकेला नवरी गाडीत पाय ठेवी आणि सुभेदार बोटानं सुई उचलत. हा क्रम इतका पक्का झाला, की मेढ्याच्या एका लग्नात सुई न अडकता गाणं पुढं गेलं, तर नवरी पाय वर घ्यायला तयार होईना. गाणं पुन्हा लावावं लागलं. सुभेदारांनी टेबलाला हळूच धक्का दिला, तेव्हा कुठं माय आली.

गाणं लावण्याआधी ते त्याचा इतिहास सांगत. तो दर लग्नसराईत वाढे. पहिल्या वर्षी गायकाची आई नुसती आजारी होती. दुसऱ्या वर्षी ती वारली. तिसऱ्या वर्षी ती जात्यावर दळता दळता वारली, आणि पोरगा गाण्याच्या दौऱ्यावर असल्यामुळे त्याला तोंड दिसलं नाही. मी सातारच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असल्यामुळे मला राहवलं नाही.

“सुभेदार, लंडनमध्ये जातं?”

“मग पीठ कुठनं खात्यात ती माणसं?” ते म्हणाले. “तुमी पुस्तकं वाचलीसा पावणं, मी बिनतारीवर माणसं ऐकल्याली हायती. रडत्याला भाषा लागत न्हाई. ओव्हर.”

एकदा त्यांनी कौतुकानं ती तबकडी माझ्या हातात दिली. वेष्टणाच्या मागं बारीक अक्षरांत गाण्याचा खरा इतिहास छापलेला होता. हा गायक एरवी ओरडून गायचा आणि शेवटी गिटार आपटायचा. जन्मात एकदा हळू गायला आणि तेवढंच खपलं. गाणं त्यानं आपल्या जुन्या मोटारीवर रचलं होतं. भंगारात घालायला नेताना वाटेत तिचे एकेक भाग गळत जातात, असं त्यात वर्णन होतं. मी वेष्टण परत दिलं.

“काय लिवलंय?”

“गाणं तिकडं फार गाजलं म्हणतात.”

“गाजणारच की. आई हाय ती.”

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. ती सांगलीच्या कॉलेजात शिकलेली, नवरामुलगाही सांगलीचा. इतक्या जणींची पाठवणी ज्या गाण्यावर केली, त्यावर आपली लेक निघणार म्हणून सुभेदारांनी तबकडीला आठवडाभर रोज रिठा लावला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, जीप दाराशी आली. सुभेदार टेबलाशी गेले, आणि तेवढ्यात नवऱ्यामुलाचे मामा उभे राहिले. कोर्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. प्रत्येक वाक्य ते निकालासारखं वाचून दाखवत.

“एक मिनिट. आमच्या कानावर असं आलंय, की इथं पाठवणीला इंग्रजी गाणं लावतात. मंगल कार्य आहे. त्यात काही अभद्र, काही अश्लील नाही, हे आधी स्पष्ट व्हावं. इथं इंग्रजीचे प्रोफेसर बसलेत म्हणे. त्यांनी सांगावं.”

सुभेदारांचा हात सुईवर होता तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला प्रथमच जाणवलं, की इतकी वर्षं ह्या माणसानं मला गाण्याचा अर्थ विचारला नव्हता तो अडाणीपणामुळे नव्हे. त्यांना भीती वाटत होती.

“निरोपाचं गाणं आहे,” मी म्हणालो.

“कुणाचा निरोप?”

“जिनं आयुष्यभर वाहून नेलं, तिचा.”

“आई!” बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं.

“नऊ महिने वाहत्येच की!” दुसरीनं शिक्कामोर्तब केलं.

मामांनी मान डोलावली. “मग हरकत नाही,” असं म्हणून ते बसले. व्याकरणदृष्ट्या मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो.

सुभेदारांनी माइक उचलला. आता इतिहास येणार म्हणून मांडव सावरून बसला. “हॅलो,” ते म्हणाले. मग बराच वेळ कर्ण्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. शेवटी ते म्हणाले, “ओव्हर,” आणि त्यांनी सुई ठेवली.

मुलगी सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. वाकली आणि उठताना हळूच म्हणाली, “दादा, मोटारीवर हाय न्हवं ते?”

“तुला कधी कळलं?”

“अकरावीला. आबांना सांगू नगा.” आणि सुई अडकली तशी, पहिल्याच मायला ती अशी रडली, की तिसरी हाक होऊन गेली, दहावी होऊन गेली, तरी सुई उचलायचं सुभेदारांच्या लक्षात आलं नाही.

आता सुभेदार नाहीत. कर्णा कुणीतरी नेला. तबकडी, वेष्टणासकट, माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे द्यायची असं ते काकूंना सांगून गेले होते. मुलगी कधी साताऱ्याला आली की ती लावायला सांगते. अर्धं गाणं आता नुसती खरखर झालं आहे, पण तो चरा शाबूत आहे. सुई तिथं अडकते, गायक मायला हाका मारत राहतो, आणि सगळा अर्थ ठाऊक असलेली ती बाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसते. मी सुई उचलायची घाई करत नाही.

गाण्यात त्या जागी मोटारीचं मागचं उजवं चाक निखळतं.