मोर्णेच्या वाळूत रुसलेले जावई

माझ्या शिक्षणाचं श्रेय मी सगळ्यात आधी माझ्या भाऊजींना देतो, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना. ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. अमरावतीला मोटार डेपोत फिटर होते. त्यांनी मला पुस्तकातली एक ओळही शिकवली नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की एका रविवारी मोर्णा नदीच्या वाळूत ते जेवायला तयार झाले नाहीत.

आम्ही अकोल्याचे. बाबा कापसाच्या जिनात कामाला होते. आमच्या गल्लीत अंगण असं कोणालाच नव्हतं. नदी हेच सगळ्यांचं अंगण. हिवाळ्यात पाणी एका काठाला सरकायचं आणि मधे वाळूचा रुंद पट्टा मोकळा व्हायचा. सकाळी तिथे धुणी, दुपारी वाळत घातलेल्या गोधड्या, संध्याकाळी कबड्डी. उन्हाळ्यात त्याच वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लागायच्या. भांडणंसुद्धा लोक तिथे जाऊन करायचे, कारण घरात जागा नसे.

पौषातल्या एका रविवारी सगळी गल्ली नदीवर रोडगे करायची. रोडगा म्हणजे कणकेच्या पोळ्या एकीवर एक गुंडाळून केलेला जाड गोळा. तो गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा, राख झटकायची आणि फोडून त्यात तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. त्या दिवशी रांधायचं पुरुषांनी, आणि बायकांनी वाळूत बसून नावं ठेवायची.

"भाजी ढवळून राह्यले का वावर नांगरून राह्यले?" माय बाबांना विचारायची. बाबा फक्त त्या एका दिवशी तिला उलट बोलत नसत.

मी मॅट्रिकला होतो ते वर्ष. परीक्षा झाली की मला जिनात लावायचं, असं बाबांनी मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. मला कॉलेजात जायचं होतं. अकोल्यातही कॉलेज होतं, पण घरी राहिलो असतो तर कापसाच्या हंगामात मला जिनात जावंच लागलं असतं, आणि हंगाम म्हणजे अर्धं वर्ष. भाऊजींनी आधी दोनदा सुचवलं होतं, "पोराले आमच्याकडं अमरावतीले पाठवा." बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "लेकीच्या घरचं आमी पानी पीत नाई. पोरगा कसा ठेवू?"

ते खरंच पीत नसत. ताईला भेटायला अमरावतीला गेले, तर फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी घेऊन जात आणि भाकरी वाटेतच खाऊन घेत. ताईच्या घरी तासभर बसत, आणि तहान लागली की स्वतःच्या तांब्याची फिरकी उघडत. नातू झाला की ही बंदी उठते असं म्हणतात. भाचा झाला, तरी बाबांनी ती सवलत घेतली नाही.

त्या वर्षी रोडग्यांना ताई-भाऊजी आले होते. पंगत बसली. पहिली पत्रावळ जावयाची. बाबांनी स्वतः रोडगा फोडला, तूप ओतलं. भाऊजी हाताची घडी घालून नदीकडे बघत बसले.

"घ्या ना, जवाईबुवा."

"भूक नाई, मामाजी."

सगळी पंगत थांबली. जावयाने हात लावल्याशिवाय इतरांना लावता येत नव्हता. मग समोरच्या ओळीतला शिंपी ओरडला, "अरे, जवाई रुसले! लग्नात रुसाचे राह्यले होते, ते आता रुसून राह्यले!"

एकच हशा पिकला. भाऊजींनी लग्नात खरोखरच काही मागितलं नव्हतं, आणि ते गल्लीला चांगलं आठवत होतं. लोक अंदाज बांधू लागले. कोणी म्हणालं घड्याळ, कोणी सायकल. "सायकलच द्या, डेपोत दुसऱ्याच्या मोटारी किती दिवस पुसतीन!" बाबा खुशीत आले. जावयाचं रुसणं हा मानाचा भाग होता, आणि तो हट्ट चारचौघांत पुरवणं हा त्याहून मोठा मान. रोडग्याची राख हातावर तशीच, ते उभे राहून म्हणाले, "मांगा, जवाईबुवा. जे मांगसान ते देल्लं."

ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो. मागणं ऐकायच्या आत त्यांनी सगळ्या गल्लीसमोर शब्द दिला.

भाऊजी म्हणाले, "तुमचं पोरगं द्या. चार वर्सं. शिकवून वापस करतो."

मी वरणाचं भांडं हातात घेऊन उभा होतो. ते कोणीतरी काढून घेतलं, कोणी ते आठवत नाही.

"हे काय रुसनं होय?" बाबा म्हणाले. "जवायानं घड्याळ मांगाव."

"घड्याळ आमच्या डेपोत भिंतीवर हाय."

रोडगे निवत होते. शेवटी शेजारची म्हातारी काकू म्हणाली, "शब्द देल्ला ना तुनं? मंग काहून उभा हायेस खांबासारखा? आमाले भुका लागल्या बापा."

बाबा खाली बसले. "जेवा," ते म्हणाले.

"जेवा म्हंजे काय समजू, मामाजी?"

"घेऊन जा त्याले. पन मी तुमच्या घरी पानी पेनार नाई."

भाऊजींनी रोडगा मोडला.

अमरावतीला भाऊजींचं दीड खोलीचं घर होतं, म्हणून अभ्यासाला मी नगरपालिकेच्या बागेत जात असे. सिमेंटचे बाक, मेंदीचं कुंपण, आणि खांबावर रेडिओचा कर्णा. संध्याकाळी बातम्या लागल्या की बाग भरायची. वकील, हमाल, शाळामास्तर, सगळे एकाच कर्ण्याखाली. भाऊजी डेपोतून थेट तिथे येत, हाताला ग्रीस तसंच. "तू वाच, मले ऐकू दे," म्हणून माझ्याकडे पाठ करून बसत. रविवारी आम्ही सगळे फुटाण्याची पुडी घेऊन वडाळीच्या तलावावर फिरायला जात असू.

बाबा वर्षातून दोनदा भेटायला येत आणि बागेतच बसत, शेजारी तांब्या. पहिल्या खेपेला ताई डबा घेऊन तिथे गेली. बाबांनी डब्याकडे बघितलं, बागेकडे बघितलं आणि म्हणाले, "ही जागा नगरपालिकेची हाय, लेकीची नाई," आणि जेवले. ताईच्या हातचं जेवण त्यांना चाललं. तिचा उंबरठा आड येत होता. पुढे चार वर्षं, बाबा आले की, आमचं घर असंच हिरवळीवर जेवलं. पाणी मात्र तांब्यातलंच.

बी.ए.ची परीक्षा देऊन मी अकोल्याला आलो. निकाल लागला त्या दिवशी भाऊजींना पाठवलेलं पत्र ताईने जपून ठेवलं होतं. ते असं:

"तीर्थस्वरूप भाऊजींना शि. सा. न.

आजच्या पेपरात निकाल आला. मी पास झालो. वर्ग दुसरा. शिंपीकाकांनी पेपर नदीवर नेऊन सगळ्यांना नंबर दाखवला, त्यामुळे मी घरी पोचायच्या आतच मायला कळलं होतं. तुम्ही मला चार वर्षांसाठी मागून नेलं आणि शिकवून परत केलं. याचे आभार कसे मानावे ते मला येत नाही.

वाचनालयाची दोन पुस्तकं फळीवर राहिली आहेत, ती कृपया परत करावी.

बाबा सोमवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येत आहेत. मी तांब्या भरून देतो म्हटलं, तर म्हणाले, 'राहू दे. तिथं पानी नाई काय?' आणि बाहेर निघून गेले. तरी ताईने त्यांना बागेत बसवू नये, घरीच न्यावं. पाणी हवं का म्हणून विचारू नये. नुसतं पुढे ठेवावं."