गर्भाशयाला घातलेला हार

बाळंतपणं करता करता निम्मं आयुष्य गेलं. आधी जळगावला, आता धुळ्याला. पेशंट डिस्चार्ज होऊन घरी जातात, किस्से मात्र माझ्याकडेच ॲडमिट राहतात!

* * *

मुलींच्या आरोग्य शिबिरात टेबलावर गर्भाशयाचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवलं होतं. उद्घाटनाला आलेल्या पुढारी भाऊंना समोर दिसेल त्याला हार घालायची सवय. घातला! वर हातही जोडले.

मी कानात सांगितलं, "भाऊ, ते गर्भाशय आहे."

भाऊंनी आधी रुमालाने हात पुसले. मग माईक घेतला. "मातृत्वाला माझं वंदन!"

* * *

असोद्याचा एक केळीवाला बायकोला घेऊन आला. कोणत्या वावरातली केळी निसवून घड कधी बाहेर आले, ते कापणीला कधी येणार, सगळं तोंडपाठ.

"आणि हिची शेवटची पाळी कधी आली होती?"

गडी छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "ते बायांचं खातं!"

* * *

पहूरकडचे एक विज्ञानाचे सर. तिसरी मुलगी झाली. बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, हिच्यात काही दोष असेल का हो?"

"सर, मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. एक्स-वाय तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवतो ना. पण तो प्रश्न दोनच मार्कांना असतो!"

* * *

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांसाठी रांग लागते. देवी बाई, नैवेद्याचे रोट करणाऱ्या बाया, आणि विटाळ तो बाईचाच! मला चीड येते, पण ऐकतं कोण?

एकदा सुनांबरोबर आलेल्या आजींनीही हात पुढे केला. "मलेबी एक द्या."

"आजी, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली!"

"तरी ऱ्हाऊ द्या. देवीनं काम शे, रिस्क नको!"

* * *

आता दोंडाईच्याच्या सरलाचं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. तिच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. तरी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मुलासाठी दुसरी पोरगी बघून ठेवलेली. सरला खाली मान घालून बसली होती. शेजारी सासू, म्हणजे अक्का.

मी नवऱ्यापुढे डबी ठेवली. "आता तुमची वीर्यतपासणी."

तो बापाकडे बघायला लागला. आबा भडकले.

"आमना घराणामा माणसस्मा खोट नही! मले व्हयना, तं याले काब्र नही व्हवाव? हाऊ पोऱ्या मनाच शे ना?" मला झालं, तर माझ्याच मुलाला का होणार नाही, हा त्यांचा हिशोब.

अक्कांनी डबी उचलून मुलाच्या हातात कोंबली.

"पोऱ्या मना शे, इतलं मी सांगस. घराणानं तुम्ही ऱ्हाऊ द्या!"

मुलगा डबी घेऊन लॅबकडे गेला. सरलाने पहिल्यांदा मान वर केली. आबा मात्र त्याची चाल आपल्यासारखी आहे का, ते खुर्चीतूनच निरखत बसले!