अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची

ज्यांच्या साठीचा हा गौरवग्रंथ, त्या श्री. केशवराव ऊर्फ तात्यासाहेब नागवेकर यांची आणि माझी पहिली भेट बंदरावर झाली. आपल्या म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मुंबईहून मी बोटीने येत होते. मोठी बोट खाडीच्या तोंडाशीच उभी राहते आणि तिथून लहानशा पडावात उतरावे लागते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. ओले लुगडे सावरीत मी धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा माझा चेहरा पांढराफटक पडला असावा. समोर कोट, धोतर आणि डोक्याला रुमाल अशा वेषातले एक गृहस्थ उभे होते.

"बाई, मी नागवेकर, म्युनिसिपालिटीचा उपाध्यक्ष," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेब स्वतः यायचे होते, पण त्यांना मुंबईला जावे लागले. आधी घरी चला, चहा घ्या. गाव नंतर बघा."

मी एकटी, वयाने लहान आणि त्यातून विधवा. अशा बाईला भाड्याने खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हते. तात्यासाहेबांनी चार ठिकाणी स्वतः जाऊन शब्द टाकला आणि चारही ठिकाणांहून परत आले. तेव्हा त्यांच्या पत्नी, ज्यांना आपण सारे काकू म्हणतो, त्या म्हणाल्या, "कशाला दारोदार फिरता? बाई राहतील आपल्याकडे." पुढे शाळेजवळ खोली मिळेपर्यंत त्या घरी मी राहिले. घरच्या माणसांना जे वाढले जाई तेच मला वाढले जाई. या दोघांच्या उपकारांविषयी याहून अधिक लिहिले तर काकूंना आवडणार नाही.

त्या काळी आपल्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष एक वयोवृद्ध रावबहादुर होते. त्यांचा मान मोठा होता, पण त्यांचे वास्तव्य बहुतेक मुंबईस मुलाकडे. कलेक्टरसाहेब रत्नागिरीहून यायचे असले की रावबहादुर येत, जरीचा रुमाल बांधून हारतुरे करीत आणि पुढच्या बोटीने जात. मागे रस्ते, दिवाबत्ती, विहिरी, शाळा आणि रोजच्या तक्रारी हे सारे तात्यासाहेबांकडे असे. बंदरावरच्या आपल्या कौलांच्या वखारीत ते सकाळी बसत आणि दुपारनंतर म्युनिसिपालिटीत येत. सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी असली तरी ते तीत बसत नसत. शेजारच्या आपल्या खुर्चीवरूनच सभा चालवीत. एकदा एका सभासदाने यावरून थट्टा केली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ती ज्यांची आहे, त्यांची आहे."

रावबहादुरांनंतर तात्यासाहेबच अध्यक्ष होणार, याविषयी गावात कोणालाच शंका नव्हती. त्या खुर्चीपासून या खुर्चीचे अंतर हातभर; तेवढे सरकायचे, की झाले! मीही तसेच समजत होते.

मग तो पटकीचा उन्हाळा आला. पेठेत एकामागून एक माणसे आजारी पडू लागली. सरकारी डॉक्टरांनी पाहणी करून सांगितले, की दोष पेठेतल्या मोठ्या विहिरीच्या पाण्यात आहे. ती ताबडतोब बंद झाली पाहिजे. ही विहीर आप्पाशेट खातूंच्या आजोबांनी बांधलेली. आप्पाशेट धान्याचे आणि नारळाचे मोठे व्यापारी, म्युनिसिपालिटीचे वजनदार सभासद. अर्धी पेठ त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. तात्यासाहेबांनी अध्यक्षांना तार केली. उत्तर आले, की मी येईपर्यंत काही करू नये.

"थांबायला माणसे थांबतील, पटकी थांबायची नाही," असे म्हणून तात्यासाहेबांनी त्याच दुपारी विहिरीवरचे रहाट काढवले आणि तोंडावर फळ्या ठोकवल्या. मी शाळेच्या दारातून पाहत होते. पेठ गोळा झाली होती. आप्पाशेट पुढे आले.

"तात्या, ही विहीर माझ्या आजोबांनी पुण्य म्हणून बांधली. तुम्ही तिच्यावर विष म्हणून फळ्या ठोकता?"

"आजोबांच्या पुण्याला मी हात लावत नाही, आप्पाशेट. पाण्याला लावतोय."

गर्दीतली एक घागरवाली कडाडली, "तात्यानू, ह्या उन्हात आमी पानी कुठनं आनायचं? तुमच्या परसात हीर हाय, म्हनून तुमाला कळत नाय!"

तात्यासाहेबांनी तिच्याकडे वळून पाहिले. बोलणे त्यांना लागले होते, कारण ते खरे होते. मग ते म्हणाले, "खरं आहे तुझं. आमच्या परसाचं दार आजपासून उघडं. कोणीही या. कोणीही, म्हणजे सगळ्यांनी."

हे शेवटचे वाक्य साधे नव्हते. त्या परसात पेठेतल्या बायका आल्या, तशा गावकुसाबाहेरच्याही आल्या. तात्यासाहेबांच्या मातोश्रींनी अन्नपाणी सोडण्याची भाषा केली. भिक्षुकांनी त्या घरी येणे टाकले. काकू मात्र सकाळपासून रहाटापाशी उभ्या राहून प्रत्येकीला "उकळून प्या गं" म्हणून बजावत. पावसाच्या आधी साथ ओसरली. ती विहीर बंद केल्यामुळे ओसरली की आपोआप, यावर गावात वाद झाले. तात्यासाहेबांना विचारले तर ते आजही म्हणतात, "मला ठाऊक नाही." अशा जागी फुशारकी न मारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्याच निवडणुकीत रावबहादुर निवृत्त झाले. अध्यक्षपदासाठी तात्यासाहेबांचे नाव सुचवले गेले आणि समोर एका वकीलसाहेबांचे आले. वकीलसाहेब सज्जन होते, गोड बोलणारे होते, आणि त्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते. बिघडवायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. इकडे तात्यासाहेबांविरुद्ध गाऱ्हाण्यांची रास होती. कोणाची जनावरे कोंडवाड्यात घातली होती, कोणाचे पुढे आलेले ओटे मोडले होते. आणि विहीर तर होतीच. ज्या हुकमांवर अध्यक्षांनी सही करायची, त्यांवर वर्षानुवर्षे तात्यासाहेबांची सही होती. कामाचे श्रेय मुंबईला जाई आणि राग इथे राही. दोन मतांनी ते पडले. आप्पाशेटांचा गट सारा वकीलसाहेबांकडे गेला, आणि आप्पाशेट उपाध्यक्ष झाले.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले. तात्यासाहेब झोपाळ्यावर बसले होते. चेहऱ्यावर त्रास दिसत होता. तो लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"वाईट वाटलं का, असं विचारायला आलात ना बाई? वाटलं," ते म्हणाले. "मी समजत होतो, की ही पायरी आहे. इतकी वर्षं एका पायरीवर उभा राहिलो, म्हणजे पुढची आपलीच. पण पायरी बियरी काही नाही. ती एक नोकरी होती, बिनपगारी."

काकू आतून म्हणाल्या, "मग आता तरी वेळेवर जेवायला या." आम्ही तिघेही हसलो.

त्यांच्या मित्रांचा आग्रह होता, की त्यांनी राजीनामा द्यावा. त्यांनी तो दिला नाही. साधे सभासद म्हणून ते प्रत्येक सभेस येत राहिले. वकीलसाहेबांच्या चांगल्या ठरावाला ते मत देत, न पटलेल्या ठरावाला विरोध करीत. तात्यासाहेबांचा स्वभाव तापट आहे हे आपण सारे जाणतो. सभेत त्यांचा आवाज चढे, भाषण तर त्यांना आजही धड जमत नाही. पण पराभवाचा राग त्यांनी एकाही ठरावावर काढला नाही. मी शाळेच्या कामासाठी त्या सभांना हजर असे, म्हणून हे खात्रीने लिहिते.

आता जी गोष्ट सांगायची, ती घडली तेव्हा मी तिथे होते. शाळेचे छप्पर गळत होते, म्हणून पावसाळ्यापूर्वी कौले पाहायला मी वखारीत गेले होते. इतक्यात आप्पाशेट आले. विहिरीच्या प्रकरणापासून त्यांनी त्या वखारीची पायरी चढलेली नव्हती. घाम पुशीत ते एका खोक्यावर बसले.

"तात्या, तुम्ही माझी विहीर बंद केलीत, तेव्हा मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही."

"आठ दिवस कुठले? चांगली दोन-तीन वर्षं झाली."

आप्पाशेट ओशाळवाणे हसले. मग त्यांनी अडचण सांगितली. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी गटारांवर फळ्या टाकून दुकाने पुढे ओढली होती. गटारे तुंबली होती आणि आदल्या पावसाळ्यात दुकानांत गुडघाभर पाणी शिरले होते. फळ्या काढण्याचा ठराव झाला होता, पण वकीलसाहेब खटल्यासाठी मुंबईस गेलेले. जाताना सांगून गेले होते, की उपाध्यक्ष बघतील. आणि ते दुकानदार म्हणजे आप्पाशेटांचे भाऊबंद, सोयरे, त्यांना निवडून देणारे.

"काल माझ्याच मेव्हण्यानं मला दुकानातून उठवलं. काय करू सांगा," आप्पाशेट म्हणाले. "अध्यक्षांना काय, ते येतील परत हसत हसत."

त्यांना त्या पेचात तसेच राहू दिले असते, तर पुढच्या निवडणुकीत तात्यासाहेबांचा मार्ग आपोआप मोकळा झाला असता. हे वखारीतल्या मुनीमजींनाही कळत होते. ते डोळ्यांनी खुणावत होते. तात्यासाहेबांनी तिकडे पाहिले नाही.

"पहिली फळी कोणाची आहे?"

"माझ्या भावाची."

"मग तिथूनच सुरू करू. चला, मी येतो बरोबर."

कौलांचे बोलणे अर्धेच राहिले. मी शाळेकडे परत निघाले, तेव्हा बाजारात दोघे शेजारी शेजारी उभे होते. आप्पाशेट काही बोलण्याआधीच लोक तात्यासाहेबांवर तुटून पडले. "तुमचा काय संबंध? तुम्ही आता कोण?" असे कोणी ओरडले. तात्यासाहेब म्हणाले, "मी कोणी नाही. ठरावाला हात वर केलेला सभासद. हुकूम यांचा आहे आणि तो बरोबर आहे." आप्पाशेटांच्या भावाने रागारागाने स्वतःच फळी उचकटून रस्त्यावर भिरकावली. मग बाकीच्या हळूहळू निघाल्या. त्या पावसाळ्यात बाजारात पाणी भरले नाही.

पुढे वकीलसाहेबांनी मुंबईसच स्थायिक व्हायचे ठरवले, आणि अध्यक्षपद मोकळे झाले. आता आप्पाशेट अध्यक्ष होणार हे पुन्हा सर्वांनी गृहीत धरले. सभेत ते उठले आणि म्हणाले, "मी श्री. नागवेकरांचे नाव सुचवतो. मी स्वतः उपाध्यक्ष झालो नसतो, तर हा माणूस मला कधी कळला नसता." विरोधात नाव आलेच नाही. आप्पाशेटांना उपाध्यक्षपदी राहण्याची विनंती तात्यासाहेबांनीच केली.

मी नंतर त्यांना विचारले, "म्हणजे शेवटी उपाध्यक्षपदाचा उपयोग झालाच म्हणायचा?"

"झाला ना," ते म्हणाले. "माझ्या उपाध्यक्षपदानं मला पाडलं. आप्पाशेटांच्या उपाध्यक्षपदानं मला निवडून आणलं."

तात्यासाहेबांच्या अध्यक्षपदाच्या काळात झालेल्या कामांविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिलेच आहे. मी एवढेच सांगते, की अप्रिय हुकमांवर ते स्वतः सही करीत आणि हारतुऱ्यांच्या वेळी आप्पाशेटांना पुढे करीत. मुलींच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभास कलेक्टरसाहेब आले, तेव्हा स्वागताचे भाषण आप्पाशेटांनी केले. जागेसाठी सगळी मिनतवारी त्यांनी केली होती, आणि ती कोणी केली हे गावाला कळावे, असा तात्यासाहेबांचा हट्ट होता.

या ग्रंथातला हा लेख खरे तर आप्पाशेटांनी लिहायचा. समितीने तो त्यांच्याकडेच सोपवला होता आणि त्यांनी आनंदाने होकार दिला होता. गेल्या पौषात ते गेले. शोकसभेत तात्यासाहेब बोलायला उभे राहिले. "आमचे उपाध्यक्ष," एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले. मग ते खाली बसले. सभेत कोणीही त्यांना पुढे बोलण्याचा आग्रह केला नाही.

म्हणून आज तात्यासाहेबांच्या साठीनिमित्त मी देवाजवळ मागणे मागते, ते माझ्या एकटीचे नव्हे. काकूंच्या संगतीत त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे आम्हा सर्वांचे मागणे आहेच. पण आप्पाशेटांची जी वर्षे उरली होती, तीही तात्यासाहेबांच्या आयुष्यात मिळवली जावीत. आप्पाशेट असते, तर त्यांनी ती स्वतःच देऊ केली असती.